बाभळीवरचा दिवा रोज चार मिनिटं लवकर का येतो?

पत्र :
आमची वस्ती सांगोला तालुक्यात, गावापासून अडीच किलोमीटर आत आहे. शेतीची लाईट सध्या रात्रीची, त्यामुळे डाळिंबाला पाणी सोडायला मी आणि मालक आळीपाळीनं बाहेर असतो. २५ नोव्हेंबरला रात्री दहाच्या सुमाराला पूर्वेच्या बांधावरच्या बाभळीवर एक दिवा दिसला. लाल, हिरवा, निळा असा भराभर रंग बदलत होता आणि जागच्या जागी थरथरत होता. तेव्हापासून ढग नसले की रोज दिसतो. परवा, ९ डिसेंबरला, तो नऊलाच बाभळीवर हजर! पहाटे पाचला मोटर बंद करायला उठले, तर तसाच दिवा घराच्या मागच्या बाजूला नैर्ऋत्येला, पण पांढरा आणि शांत. रात्री मोटरसायकलवरून गावात जाताना तो शेतातून आमच्या बरोबरीनं येतो. दिरांनी मोबाइलवर झूम करून व्हिडिओ काढला, त्यात चक्क गोल तबकडी फिरताना दिसते. परवा आम्ही सहा जणांनी मिळून पाहिलं आणि सहाही जणांना तो वर-खाली झालेला दिसला. कुणी म्हणतं चोरांचा ड्रोन, कुणी म्हणतं उडती तबकडी. नववीतलं पोरगं हिरवा लेझर मारून बघू म्हणतंय. पोलिसांना कळवावं का? आणि सहा जणांना एकदम भास कसा होईल?
– एक भगिनी, सांगोला तालुका

उत्तर :
ताई, लेझर मारू देऊ नका आणि पोलिसांना इतक्यात फोनही करू नका. तुमच्या बाभळीवर येतो तो व्याध आहे, रात्रीच्या आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा. हे आम्ही अंदाजानं म्हणत नाही. तुम्ही वेळा लिहून ठेवल्यात म्हणून इतक्या ठामपणे सांगता येतं. अशी बहुतेक पत्रं ‘परवा रात्री काहीतरी चमकलं’ एवढ्यावर संपतात आणि त्यावर कुणालाच काही सांगता येत नाही.

२५ नोव्हेंबरला दहा, ९ डिसेंबरला नऊ. मध्ये गेले चौदा दिवस आणि दिवा आला जवळजवळ तासभर आधी. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत पुरी करते. आपलं घड्याळ मात्र सूर्यावर लावलेलं, २४ तासांचं. म्हणून प्रत्येक तारा रोज सुमारे चार मिनिटं आधी उगवतो. चौदा दिवस गुणिले चार म्हणजे छप्पन्न मिनिटं. चोर असो वा सरकारी माणूस, रोज चार मिनिटं आधी ड्रोन उडवण्याचं वेळापत्रक कुणी पाळत नाही. विमानही घड्याळानं येतं, ताऱ्यांच्या हिशोबानं नाही.

या हिशोबाचा उलटा उपयोग करा, तो जास्त पटेल. आमचं उत्तर बरोबर असेल तर २४ डिसेंबरला तो दिवा आठच्या आसपास बाभळीच्या त्याच फांदीवर यायला हवा. दोन-चार मिनिटं इकडेतिकडे चालतील, कारण तुमच्या दोन्ही वेळा ‘सुमाराच्या’ आहेत. पण उभं राहायची जागा तीच ठेवा. चार पावलं सरकलात तरी बाभळीचा शेंडा आकाशात खाली-वर होतो आणि सगळा हिशोब पाच-दहा मिनिटांनी बिघडतो. डिसेंबर संपताना व्याध सातच्या आत क्षितिजावर येईल. जानेवारी सरत येईल तेव्हा अंधार पडतानाच तो बाभळीच्या वर आलेला असेल आणि तो ‘येताना’ दिसणारच नाही. तेव्हा ‘ड्रोनवाले गेले’ अशी बातमी वस्तीवर फिरली तर तिचं कारण हे आहे.

एक गोष्ट पत्रात नाही : नेमकी दिशा. पूर्वेचा बांध म्हणजे पूर्व खरी, पण ती पाच-सात अंशांपर्यंत कळली तर संशयाला जागा राहत नाही. होकायंत्र लागत नाही. सध्या सकाळी सूर्य कुठून वर येतो ते पाहा. डिसेंबरात तो पूर्वेपासून जवळजवळ चोवीस अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. हात पूर्ण लांब करून चार बोटं जोडून धरा आणि सूर्य उगवतो त्या जागेच्या डावीकडे तेवढंच अंतर मोजा. व्याध क्षितिजावर तिथून येतो. हीच मापं पुढेही लागतील : लांब केलेल्या हाताची मूठ म्हणजे सुमारे दहा अंश, ताणलेली वीत वीस-बावीस अंश, एक बोट दीड ते दोन अंश. लहान मुलाचा हात लहान, पण तो डोळ्याच्याही तितकाच जवळ असतो, म्हणून मापं सगळ्यांची जवळपास सारखीच येतात.

दिशेवरून आणखी एक शंका फिटते. ‘गुरू किंवा मंगळ तर नसेल?’ असं कुणीतरी विचारणारच. डिसेंबरात सूर्य आकाशात दक्षिणेकडे असतो, त्यामुळे त्याच्या समोरचा पट्टा, म्हणजे ग्रह ज्या वाटेनं चालतात तिचा संध्याकाळी उगवणारा भाग, उत्तरेकडे असतो. या दिवसांत रात्री आठ-दहाला उगवणारा ग्रह पूर्वेच्या डावीकडून, ईशान्येच्या अंगानं येईल. तुमचा दिवा उजव्या अंगाचा आहे. डाव्या अंगाला त्याहून तेजस्वी आणि न लुकलुकणारा ठिपका दिसला तर तो ग्रह समजा, आणि त्यालाही घाबरू नका.

आता ओळख पक्की करायची सगळ्यांत जुनी रीत. बाभळीवर दिवा आला की त्याच्या वर, एका विताएवढ्या अंतरावर, एका ओळीत उभे असलेले तीन तारे शोधा. मृगाच्या पोटात रुतलेला बाण तो हाच, त्याला त्रिकांड म्हणतात. मृग उगवताना हे तीन तारे जवळजवळ उभ्या रेषेत असतात. रेषा खाली वाढवली की व्याधावर येते. वर वाढवली की तांबूस रोहिणीजवळून कृत्तिकांच्या झुबक्याकडे जाते. बाण ज्यानं मारला तो शिकारी म्हणून हा व्याध. दिव्याचं आणि त्या तीन ताऱ्यांचं अंतर रात्री नऊला, बाराला आणि पहाटे पाचला मोजा. तिन्ही वेळा एक वीतच भरलं, तर दिवा आकाशात ताऱ्यांबरोबर जडलेला आहे, बाभळीवर तरंगत नाही. पहाटे नैर्ऋत्येला दिसलेला दिवा दुसरा नाही. रात्री दोनच्या सुमाराला तो दक्षिणेला सगळ्यांत उंच येऊन गेला आणि मग पश्चिमेकडे उतरायला लागला.

मग रंग कसले, आणि पहाटे ते कुठे गेले? व्याध मुळात पांढराशुभ्र आहे. बाभळीवर तो येतो तेव्हा क्षितिजापासून जेमतेम एक मूठ वर असतो. त्या तिरप्या वाटेनं येणारा प्रकाश डोक्यावरच्या मानानं सहापट हवा ओलांडून येतो. हवा एकसंध नसते, गार-गरम पुंजक्यांची बनलेली असते आणि हे पुंजके वाऱ्यानं वाहत असतात. प्रत्येक पुंजका भिंगासारखा प्रकाश थोडा गोळा करतो, थोडा पसरवतो. हे झालं लुकलुकणं. त्यात खालच्या हवेतून येताना निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वाकतो, त्यामुळे दोन्ही रंग किंचित वेगळ्या वाटांनी, वेगळ्या पुंजक्यांतून तुमच्या डोळ्यात शिरतात. एका क्षणी तांबडा गोळा झाला आणि निळा पसरला तर तारा लाल दिसतो, पुढच्या क्षणी उलट. सेकंदात हे कितीतरी वेळा होतं. बाकीचे तारेही क्षितिजाजवळ असंच करतात, पण मंद प्रकाशात डोळ्याला रंग कळत नाहीत. व्याध तेजस्वी म्हणून त्याचे कळतात.

पहाटे पाचला हाच तारा साडेतीन मुठी वर होता. हवेचा थर दीड-पावणेदोन पटीवर आला आणि रंगांचा खेळ थांबला. दोन दिवे वाटले ते यामुळे. ग्रह लुकलुकत नाहीत याचंही कारण जाता जाता सांगतो : तारा इतका दूर असतो की तो निव्वळ बिंदू, ग्रहाला मात्र लहानशी का होईना तबकडी असते. तिच्या एका कडेचा प्रकाश घटला तर दुसऱ्या कडेचा वाढतो आणि बेरीज स्थिर राहते. अगदी क्षितिजालगत मात्र शुक्रही लाल-हिरवा होतो, तेव्हा ‘लुकलुकतो म्हणजे ताराच’ हा नियम एक मुठीच्या वरच वापरा.

घरात दुर्बीण असेल, जत्रेतली नव्हे, निदान ७ गुणिले ३५ किंवा १० गुणिले ५० लिहिलेली, तर कोपर भिंतीवर टेकवून पाहा. व्याध दुर्बिणीतही बिंदूच राहतो, फक्त जास्त धगधगतो. मग दुर्बीण मुद्दाम हलकेच गोल फिरवा. ताऱ्याची एक वेटोळी रेघ दिसेल आणि तिच्यावर लाल, हिरवे, निळे मणी ओवल्यासारखे दिसतील. हवेनं पाठवलेले रंग एकामागून एक सुटे झालेले असतात ते. ड्रोन किंवा विमान असेल तर दिवे वेगवेगळ्या जागी, आपापल्या ठरलेल्या रंगाचे दिसतात. एकाच दिव्यातून तिन्ही रंग आळीपाळीनं सहसा निघत नाहीत.

आता तुमचा खरा प्रश्न, सहा जणांचा. तुम्हाला वेड लागलेलं नाही आणि कुणी खोटंही बोललेलं नाही. अंधारात एकट्या ठिपक्याकडे टक लावून पाहिलं की काही सेकंदांत तो सरकायला लागतो. डोळा कधीच पूर्ण स्थिर नसतो, तो बारीक-बारीक हलत असतो. दिवसा आजूबाजूला घरं-झाडं असतात, म्हणून मेंदू ती हालचाल डोळ्याच्या खात्यावर टाकतो. काळ्या आकाशात टेकू नसतो, मग ती ठिपक्याच्या खात्यावर पडते. मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञानं १९३५ मध्ये नेमका हाच प्रयोग केला. अंधाऱ्या खोलीत स्थिर दिवा दाखवायचा आणि किती सरकला ते विचारायचं. एकेकट्यानं पाहिलं तेव्हा प्रत्येकाचा आकडा वेगळा आला. एकत्र बसवून मोठ्यानं आकडे सांगायला लावले तेव्हा काही फेऱ्यांत सगळ्यांचे आकडे एकमेकांजवळ आले. दिवा तर हललाच नव्हता!

परवा बांधावर काय घडलं असेल? ‘बघ बघ, वर चालला’ असं एक जण म्हणाला आणि पुढच्या पाच जणांचे डोळे ‘वर’ शोधायला लागले. सहा साक्षीदार होते, पण साक्ष एकच झाली. म्हणून आमचं सांगणं असं : पुढच्या वेळी सहा जणांनी पाच मिनिटं एक शब्द न बोलता पाहायचं. मग प्रत्येकानं वेगळ्या कागदावर लिहायचं, कुठे सरकला, किती बोटं, किती वाजता. नंतरच कागद एकत्र ठेवायचे. दिवा खरोखर हलला असेल तर सहा कागद जुळतील. दोन म्हणाले वर, एक डावीकडे, एक गोल, तर उत्तर तुमच्या हातात आहे.

याहून चांगला उपाय म्हणजे डोळ्याला टेकू देणं. ओट्यावर भिंतीला पाठ आणि डोकं टेकून बसा. लाईटीच्या डांबावरची आडवी तार आणि दिवा एका रेषेत येईल अशी जागा निवडा. तार आपल्यापासून निदान पंधरा-वीस मीटर दूर हवी. तीन मीटरवरची कपड्यांची दोरी चालणार नाही, कारण डोकं पाच सेंटिमीटर हललं तरी दोरी आकाशात एक अंश सरकते आणि आपल्याला वाटतं दिवाच सरकला. वीस मीटरवरच्या तारेला ते हलणं जाणवतही नाही. वेळ लिहा, दिवा तारेवर टेकवा आणि दहा मिनिटं थांबा. सारखं टक लावून पाहू नका, अधूनमधून नजर खाली जमिनीवर आणा. दहा मिनिटांनी व्याध तारेच्या वर, एका जाड बोटाएवढा, गेलेला दिसेल आणि किंचित उजवीकडे कललेला. तीन भाग वर तर एक भाग उजवीकडे, हे आपल्या अक्षांशावर पूर्व-आग्नेयेला उगवणाऱ्या ताऱ्याचं चालणं. थरथर, हेलकावे, वर-खाली उड्या यातलं काहीही तारेजवळ दिसणार नाही. पातळ ढग पुढून जात असतील तेव्हा हा प्रयोग करू नका. ढग डावीकडे गेले की तारा उजवीकडे पळाल्यासारखा वाटतो.

मोटरसायकलच्या बरोबरीनं येण्याचं कोडं तर लहानपणी सगळ्यांनी अनुभवलेलं असतं. एसटीच्या खिडकीतून चांदोबा आपल्याबरोबर धावतो, तसंच हे. बांधावरची झाडं मागे पळतात, लांबचा डोंगर सावकाश सरकतो आणि साडेआठ प्रकाशवर्षांवरचा व्याध अजिबात मागे पडत नाही. मेंदूला एकच अर्थ लागतो : हा आपल्याबरोबर चाललाय. गाडी थांबवली की तोही थांबतो, मग अंगावर काटा येतो. खरोखरचा ड्रोन दोनशे मीटरवर असता तर शंभर मीटर पुढे गेल्यावर त्याची दिशा साफ बदलली असती.

व्हिडिओतली तबकडी ही मोबाइलची करामत. मोबाइलच्या कॅमेऱ्याला आपोआप फोकस करायला कडा लागते. काळ्या पाटीवर एकच ठिपका दिला की तो गोंधळतो आणि मागे-पुढे शोधत राहतो. फोकस चुकला की ठिपक्याची गोल चकती होते, तिच्या कडेला उजळ कडं येतं, आणि हवेतली थरथर त्या चकतीवर लाटांसारखी फिरते. वरून दहापट झूम केला म्हणजे तीच चकती पडदाभर. त्यात हात हलला की ती गिरक्याही घेते. खात्री हवी असेल तर अर्ध्या किलोमीटरवरचा कुणाच्या तरी अंगणातला एलईडी बल्ब तसाच झूम करून काढा, तिथेही तबकडी येईल.

उपयोगाचा फोटो असा काढा. झूम नको, मुळीच नको. मोबाइल विटेला टेकवून ओट्यावर ठेवा आणि चौकटीत छपराची कड किंवा डांब येऊ द्या. कॅमेऱ्यात ‘प्रो’ मोड असेल तर फोकस हातानं अनंतावर न्या, आयएसओ ८००, शटर ४ सेकंद, आणि १० सेकंदांचा टायमर, म्हणजे बटण दाबल्याचा हादरा फोटोत येत नाही. फार अंधारं आलं तर शटर ८ सेकंद करा, त्याहून जास्त नको, ताऱ्यांच्या रेघा व्हायला लागतात. एक फोटो काढा, मोबाइल जागचा न हलवता पंधरा मिनिटांनी दुसरा. दुसऱ्यात मृगासकट सगळे तारे सारखेच, दोन बोटं वर सरकलेले दिसतील. दिवा त्यांच्याबरोबरच सरकला असेल तर तो त्यांच्यातलाच.

मुलाला लेझरऐवजी स्टेलेरियमसारखं ताऱ्यांचं अॅप द्या. मात्र मोबाइल आकाशाकडे धरून नाव वाचलं की झालं, असं करू नका. मोबाइलमधलं होकायंत्र मोटरसायकल, पत्र्याचं शेड किंवा चुंबकाचं कव्हर जवळ असलं की वीस-तीस अंशांनी चुकतं आणि मग अॅप व्याधाला भलतंच नाव देतं. त्यापेक्षा अॅपमध्ये गाव आणि वेळ भरा, पूर्व दिशा हातानं समोर आणा, तारीख २५ नोव्हेंबर करा, मग ९ डिसेंबर, मग २४. व्याध एकाच उंचीवर किती वाजता येतो ते मुलानं वहीत लिहावं आणि तुमच्या वेळांशी ताडून पाहावं.

ही चूक शिकल्यासवरलेल्यांकडून होत नाही असं कुणी म्हणालं तर लडाखचं उदाहरण सांगा. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात पँगाँग सरोवराच्या भागात जवानांनी आकाशात दिवे पाहिले आणि ते चिनी टेहळणी ड्रोन असावेत म्हणून ३२९ वेळा नोंद केली. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना विचारलं गेलं. वेळा आणि ताऱ्यांच्या संदर्भातल्या जागा तपासल्यावर निघालं, एक दिवा गुरू आणि दुसरा शुक्र. त्या वर्षी ३ डिसेंबरला गुरू सूर्याच्या बरोबर समोर होता, म्हणजे तिन्हीसांजेला उगवून पहाटेपर्यंत आकाशात. शुक्र पहाटेचा. लडाखची हवा विरळ आणि स्वच्छ, त्यामुळे दोन्ही ग्रह मैदानात दिसतात त्याहून किती तरी झगझगीत दिसतात. सीमेवर पहारा देणाऱ्याला प्रत्येक दिव्यात शत्रू दिसणं हा त्याच्या कामाचा भाग आहे. त्यात हसण्यासारखं काही नाही. आपल्याकडेही २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, अहमदनगर, बीडकडच्या गावांमध्ये रात्रीच्या ड्रोनच्या चर्चेनं लोक जागरणं करत होते. त्यात खरे ड्रोनही होते. म्हणूनच खरा ड्रोन कसा ओळखायचा हे माहीत हवं.

साधा कॅमेरा-ड्रोन एका बॅटरीवर वीस ते पंचेचाळीस मिनिटं उडतो, फवारणीचा त्याहूनही कमी. नऊ ते पहाटे पाच एका जागी लटकणं त्याला शक्य नाही. शांत रात्री शे-दोनशे मीटरपर्यंत त्याची भुणभुण ऐकू येते. तो ताऱ्यांच्या पुढून सरकतो, थांबतो, मागे वळतो. असं काही दिसलं, आवाज आला, तो घराच्या किंवा गोठ्याच्या वर घिरट्या घालायला लागला, तर वेळ आणि दिशा लिहून ११२ ला जरूर फोन करा. दगड मारू नका, बंदूक तर नकोच. खाली पडणारी बॅटरी कडब्याच्या गंजीला आग लावू शकते.

विमानाचं वेगळं. मुंबईहून हैदराबादकडे जाणारी विमानं सोलापूरच्या बाजूनं जातात, पांढरा दिवा ठेक्यात उघडझाप करतो आणि काही मिनिटांत ते आकाश ओलांडून जातं. उपग्रह उघडझाप न करता सरळ रेषेत जातो, तीन ते सहा मिनिटांत दिसेनासा होतो, आणि बहुतेक वेळा सूर्यास्तानंतरच्या किंवा सूर्योदयाआधीच्या दोनेक तासांतच दिसतो, कारण त्याच्यावर ऊन पडलेलं असावं लागतं. सूर्यास्तानंतर उंचावर बराच वेळ स्थिर दिसणारा पांढरा ठिपका कधी कधी संशोधनाचा फुगा असतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) हैदराबादच्या केंद्रातून असे मोठे फुगे सोडतात. फुग्याखालची यंत्रं शेतात उतरली तर हात न लावता त्यावर लिहिलेल्या नंबरला कळवायचं असतं.

आकाशातून खरोखर काही आलं तर ते कसं दिसतं, हे २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी अर्ध्या महाराष्ट्रानं पाहिलंय. जळते तुकडे एका रांगेत, उल्केच्या मानानं बरेच सावकाश, आकाश ओलांडून गेले. तो चिनी रॉकेटचा परत येणारा भाग होता. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. काही क्षणांचा खेळ, सरळ रेषा, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी नाही. तुमचा दिवा दोन आठवडे रोज येतोय, हीच त्याची साक्ष आहे.

लेझरचं कारणही सांगून ठेवतो, नाहीतर मुलगा ऐकणार नाही. लेझर ताऱ्यापर्यंत पोचून काही होणार नाही हे उघड आहे. पण त्याच दिशेला विमान असलं तर हिरवा झोत कॉकपिटच्या काचेवर पसरतो आणि अंधाराला सरावलेल्या वैमानिकाचे डोळे काही वेळ दिपतात. बांधापलीकडच्या माणसाच्या डोळ्यात गेला तर कायमची इजा होऊ शकते.

एक पूर्वसूचना. बाभळीच्या उजवीकडे बरंच दूर, दक्षिणेकडे झुकलेल्या आग्नेयेला, व्याध उगवल्यावर पाऊण-एक तासानं आणखी एक तसाच रंग बदलणारा दिवा वर येईल. मधे झाडं असतील तर अजून तुमच्या लक्षात आला नसेल. तो अगस्त्य, तेजात दुसऱ्या नंबरचा तारा. पावसाळ्याअखेरीस तो पहाटे दिसायला लागला की ओढ्या-नाल्यांचं पाणी निवळतं असं आपल्याकडे म्हणतात. सांगोल्यातून तो दोन मुठींपेक्षा वर कधीच चढत नाही, त्यामुळे व्याधासारखा पहाटे शांत होणार नाही; उगवल्यापासून मावळेपर्यंत लाल-हिरवा थरथरतच राहील. दिरांना आधीच सांगून ठेवा.